चौघांतला एक, एकटा

एखाद्या नामांकित बँडचा गायक जेव्हां पहिल्यानें केवळ स्वतःच्या नांवावर ध्वनिमुद्रिका काढतो, तेव्हां त्याच्या जुन्या चाहत्यांची अवस्था मोठी चमत्कारिक होते. ज्या आवाजावर आपण इतकीं वर्षें लुब्ध झालों तो आतां कोणाच्याहि आडकाठीवांचून ऐकावयास मिळणार, म्हणून एकीकडे मन हरखतें. आणि आपण लुब्ध होतों तें खरोखर त्या आवाजावरच, कीं त्याच्या भोंवतीं उठणाऱ्या कल्लोळावर, ह्या प्रश्नाचा आतां निकाल लागणार, म्हणून दुसरीकडे तें धास्तावतेंहि. फ्रेडी मर्क्युरी ह्या गायकाची 'मिस्टर बॅड गाय' ही पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका २९ एप्रिल १९८५ रोजीं इंग्लंडांत प्रसिद्ध झाली, त्या वेळीं 'क्वीन' ह्या बँडच्या रसिकांचें असेंच झालें. प्रस्तुत लेखक त्या रसिकांपैकींच एक असल्यामुळें पुढील विवेचनांत पक्षपाताचा थोडाफार वास आला, तर वाचकांनीं तो सोसून घ्यावा.

इतक्या वर्षांनीं ह्या एका ध्वनिमुद्रिकेवर लिहावयास कारण आहे. बँड सोडून किंवा बँडमध्यें राहूनच एकट्यानें गाणारे गायक पुष्कळ झाले. परंतु त्यांच्या बाबतींत 'हेंच गाणें जुन्या सोबत्यांनीं वाजविलें असतें तर कसें झालें असतें' हा तर्क बहुधा तर्कच राहतो. मर्क्युरीच्या बाबतींत मात्र इतिहासानें त्या तर्काला एक प्रकारचें उत्तर देऊन ठेविलें आहे. ह्या ध्वनिमुद्रिकेंतील दोन गाणीं त्याच्या मृत्यूनंतर त्याच सोबत्यांनीं, त्याच्याच जुन्या आवाजाभोंवतीं, नव्यानें वाजविलीं. दोन्ही रूपें आज कोणालाहि एकामागून एक लावून ऐकतां येतात. संगीताच्या इतिहासांत इतका सरळ पुरावा क्वचितच हातीं लागतो. तो सरळ दिसतो तितका सरळ आहे कीं नाहीं, हें पुढें पाहूंच.

मर्क्युरीचें मूळ नांव फरोख बुलसारा. त्याचा जन्म झांझिबार बेटावर ५ सप्टेंबर १९४६ रोजीं एका पारशी कुटुंबांत झाला. १९५५ सालीं, आठ वर्षांच्या ह्या मुलाला आईबापांनीं समुद्रापलीकडे, आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकावयास धाडलें, आणि पुढचीं कित्येक वर्षें तो तेथील वसतिगृहांत वाढला. पियानोवर त्याचा हात बसला तो तेथेंच. बाराएक वर्षांचा असतां शाळेंतील पांच मुलांनीं मिळून 'हेक्टिक्स' नांवाचा बँड काढला, त्यांत हाहि होता. गंमत अशी कीं, त्या बँडचा मुख्य गायक हा नव्हेच. गाणारा मुलगा दुसरा होता आणि बुलसारा पियानोवर असे. पुढें मोठमोठालीं मैदानें ज्यानें आवाजानें भरून टाकलीं, त्याचे संगीतांतील पहिले धडे दुसऱ्याच्या गळ्याला साथ करण्याचे होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. १९६४ सालीं झांझिबारांत क्रांति झाली व त्याचें कुटुंब इंग्लंडांत येऊन राहिलें. तेथें १९६९ सालीं त्यानें ईलिंगच्या कलाशाळेंतील शिक्षण पुरें केलें, आणि त्याच सुमारास एका बँडांतून दुसऱ्यांत अशी त्याची भटकंती सुरू झाली. १९७० सालीं ब्रायन मे आणि रॉजर टेलर ह्यांची गांठ पडून क्वीनची स्थापना झाली. १९७१ सालीं जॉन डीकन येऊन मिळाला, आणि हे चौघे अखेरपर्यंत बदलले नाहींत. म्हणजे बाराव्या वर्षापासून पुढें ह्या गृहस्थानें जें संगीत केलें तें बहुतेक सारें चारपांच जणांच्या मेळ्यांत. १९७३ सालीं 'लॅरी ल्युरेक्स' ह्या टोपणनांवानें त्याची एक लहान तबकडी निघाली होती खरी, पण तिच्यावरहि मे आणि टेलर होतेच. अडतिसाव्या वर्षीं तो खऱ्या अर्थानें प्रथमच एकटा उभा राहिला.

आतां, क्वीन हा एक गायक व त्याचे तीन साथीदार असा बँड कधींच नव्हता, हें ध्यानांत घेतल्यावांचून पुढचें कांहींच उमगणार नाहीं. चौघेहि गीतकार होते व चौघांचींहि गाणीं गाजलीं. मैदानांत हजारों लोक ज्या तालावर पाय आपटतात तें 'वुई विल रॉक यू' मे ह्याचें. 'रेडिओ गा गा' टेलरचें. अमेरिकेंत सर्वांत वर पोंचलेलें 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अबोल डीकनचें. मे ह्यानें आपली गिटार लहानपणीं बापाच्या मदतीनें घरीं बनविली होती; जुन्या शेकोटीच्या चौकटीचें लांकूड त्यासाठीं वापरलें होतें. त्या गिटारीचे सूर एकावर एक चढवून तो असा कांहीं नाद निर्माण करी कीं, ऐकणाऱ्याला वाटावें, येथें कोणतें तरी विद्युत्‌यंत्र वाजत आहे. तसा कोणाचा समज होऊं नये म्हणून पहिल्या कांहीं ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर, आम्हीं सिंथेसायझर वापरलेला नाहीं, अशी प्रौढीची सूचना हा बँड छापीत असे. सुरांच्या कल्लोळाचेंहि तेंच. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मधील तो भव्य समूहस्वर म्हणजे मर्क्युरी, मे आणि टेलर ह्या तिघांचेच आवाज पुनःपुन्हां मुद्रित करून रचलेले थर आहेत. मर्क्युरीचा आवाज मधला, भरदार. टेलरचा वर चढून बारीक धारेसारखा चमकणारा. मे ह्याचा सौम्य. तीन निरनिराळ्या पोतांचें तें वस्त्र होतें.

ह्या सहकार्यांत सगळाच गोडवा होता असें नाहीं. ज्याचें गाणें त्याच्या नांवावर, व त्याचा मोबदलाहि त्यालाच, असा आरंभींचा रिवाज होता. १९७५ सालीं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची तबकडी निघाली आणि इंग्लंडांत नऊ आठवडे अग्रस्थानीं राहिली. तिच्या मागच्या बाजूला टेलरचें मोटारगाडीवरील एक गाणें होतें. तबकडी विकली जाई ती पुढच्या बाजूसाठीं. पैसे मात्र दोन्ही बाजूंच्या कर्त्यांना सारखेच मिळत. ह्यावरून बँडांत पुष्कळ दिवस कुरबुर होती. कोणाचें गाणें घ्यावें, कोणाचें गाळावें, गिटार किती व पियानो किती, ह्याबद्दल वाद तर नित्याचेच. परंतु प्रत्येकाचें गाणें बाहेर पडण्यापूर्वीं तीन चिकित्सक, हट्टी आणि तितक्याच तोलाच्या माणसांच्या चाळणींतून जात असे, हा त्या वादांचा लाभ होता. त्या चाळणींत काय काय अडकून राहिलें हें आपणांस कळत नाहीं, म्हणूनच तिची किंमत श्रोत्याच्या लक्षांत येत नाहीं.

१९७९ सालीं हा बँड म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओंत काम करूं लागला आणि राइनहोल्ड माक हा ध्वनिमुद्रक त्यांना भेटला. मर्क्युरीचें 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' हें चटकदार गाणें तेथेंच, हॉटेलांत स्नान करतांना, सुचलें. आणि मे स्टुडिओंत येण्यापूर्वींच तें बव्हंशीं उरकून टाकलें होतें अशी हकीकत सांगतात. कारण काय, तर तो आला म्हणजे वेळ लागेल! ह्या हकीकतींत पुढच्या सर्व गोष्टींचें बीज आहे. म्युनिकच्या रात्रींचें आणि तेथील नृत्यगृहांतील संगीताचें मर्क्युरीला वेड लागलें. १९८२ सालच्या 'हॉट स्पेस' ह्या ध्वनिमुद्रिकेंत तें वेड बँडच्या अंगावर आलें. गिटार मागें पडली, नाचाचा ठेका पुढें आला. मे व टेलर ह्यांना तें वळण फारसें रुचलें नाहीं आणि जुन्या श्रोत्यांनाहि रुचलें नाहीं. १९८३ सालीं चौघांनीं कांहीं काळ विसांवा घ्यावयाचें ठरविलें. टेलरची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका १९८१ सालींच निघाली होती, मे ह्याची एक लहान ध्वनिमुद्रिका १९८३ सालीं निघाली. आतां पाळी गायकाची होती.

तो काळच तसा होता. 'जेनेसिस'चा गायक पीटर गेब्रिएल १९७५ सालीं बँड सोडून गेला व १९७७ सालीं त्याची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच बँडच्या फिल कॉलिन्सनें १९८१ सालीं, बँड न सोडतां, आपली काढली आणि लोकप्रियतेंत तो बँडच्याहि पुढें गेला. १९८५ सालीं तर ह्या प्रकाराला ऊत आला. 'रोलिंग स्टोन्स'चा मिक जॅगर, आमचा मर्क्युरी आणि 'पोलीस'चा स्टिंग ह्या तिघांच्याहि पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिका त्याच वर्षाच्या पूर्वार्धांत बाहेर पडल्या. ह्यांतील स्टिंगची गोष्ट तुलनेला उपयोगी आहे. त्यानें जुने सोबती टाकले, पण नवे निवडतांना ब्रॅनफर्ड मार्सालिस, केनी कर्कलंड असे जॅझ संगीतांतील तरुण आणि स्वतंत्र बाण्याचे वादक निवडले. आपल्याकडेहि बालगंधर्वांनीं १९१३ सालीं किर्लोस्कर मंडळी सोडली तेव्हां ते एकटे निघाले नाहींत. गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस अशीं वजनदार माणसें बरोबर होतीं. मर्क्युरीनें बरोबरीचें असें कोणीच घेतलें नाहीं. म्युझिकलँड तेंच, माक तोच. कळफलकावर बसलेला फ्रेड मँडेल, गिटारवर पॉल व्हिन्सेंट, ड्रमवर कर्ट क्रेस, हे सारे आपापल्या कामांत निष्णात होते. पण 'हें गाणें राहूं द्या, हें बरें नाहीं' असें मालकाला सांगणें हें त्यांचें काम नव्हतें. अकराहि गाणीं मर्क्युरीचीं एकट्याचीं. मुद्रणाचें काम, मधून मधून बँडचे दौरे संभाळीत, दोनएक वर्षें रेंगाळत चाललें होतें. आणि शेवटीं ती कृति त्यानें अर्पण केली आपल्या मांजरांना! थट्टेचा भाग सोडला तरी, माणसांत अर्पण करण्याजोगें कोणी आठवूं नये, ह्याचें जुन्या चाहत्याला त्या वेळींहि थोडें वाईट वाटलें.

आतां प्रत्यक्ष गाण्यांकडे वळूं. पहिली बाजू सुरू होते ती नाचाच्या ठेक्यानें, आणि पांचहि गाणीं संपेपर्यंत तो ठेका आपला पिच्छा सोडीत नाहीं. ज्या बँडनें सिंथेसायझर न वापरल्याची प्रौढी वेष्टनावर छापली, त्याच्याच गायकाच्या ह्या गाण्यांचा सारा डोलारा सिंथेसायझरवर उभा आहे. यंत्र वापरलें हा दोष नव्हे. त्या काळीं सर्वच वापरीत होते. दोष असा कीं, यंत्र येथें आवाजाला कोणताहि प्रतिसाद देत नाहीं. मर्क्युरीचा गळा तर ह्या वेळीं ऐन भरांत होता. 'आय वॉज बॉर्न टु लव्ह यू' ह्या गाण्यांत तो पहिल्याच ओळीला अशा जोरानें उडी घेतो कीं, ऐकणारा दचकून उठावा. पण त्या उडीखालीं जमीन नाहीं. आवाज वर गेला तरी ठेका तोच, आवाज खालीं आला तरी ठेका तोच. क्वीनमध्यें हाच आवाज वर चढला म्हणजे गिटार त्याला अडवी, डंवचून पुढें ढकली, कधीं त्याच्या हातून सूर हिसकावून घेई. येथें त्याला कोणी अडवीत नाहीं, आणि न अडविल्यामुळें त्याची शक्ति, आश्चर्य असें, अर्धी दिसते. समूहस्वरांत तर हें फारच जाणवतें. त्यांत टेलरची ती चमकणारी धार नाहीं, मे ह्याचा सौम्यपणाहि नाहीं. गायकाच्या आवाजाभोंवतीं गायकाचाच आवाज लपेटलेला आहे. कान नकळत त्या दोघांना शोधीत राहतो. 'मॅन मेड पॅरडाइज'मध्यें पॉल व्हिन्सेंटची गिटार मे ह्याच्या इतक्या जवळून जाते कीं, ती ऐकून समाधान न होतां उलट मूळ माणसाची आठवणच तीव्र होते.

एवढ्यावर हा लेख संपवितां आला असता, व तसे संपविलेले लेख मीं वाचलेहि आहेत. पण तो न्याय झाला नसता. दुसऱ्या बाजूला तीन गाणीं अशीं आहेत कीं, तीं चौघांच्या हातून ह्या रूपानें कधींच झालीं नसतीं. एक म्हणजे ध्वनिमुद्रिकेला नांव देणारें गाणें. त्यांत मर्क्युरीनें बँडच बाजूस ठेवून पूर्ण वाद्यवृंद उभा केला आहे. स्वतःला दुष्ट म्हणवून घेण्याची त्याची ऐट, त्यांतला नाटकीपणा आणि त्या नाटकीपणाला तो स्वतःच मनांतून हंसत असल्याची खूण, हें सारें त्या वाद्यवृंदाच्या लाटांवर फार झोंकांत येतें. मे ह्याच्या गिटारीला त्यांत जागाच नाहीं, आणि तिची उणीवहि भासत नाहीं. दुसरें, 'देअर मस्ट बी मोअर टु लाइफ दॅन धिस'. ह्या गाण्याचा जन्म 'हॉट स्पेस'च्या वेळचा. १९८३ सालीं मायकेल जॅक्सनच्या घरीं दोघांनीं मिळून तें गाऊन पाहिलें होतें, तें त्या वेळीं पुरें झालें नाहीं. १९८५ च्या रूपांत पियानो, थोडी साथ, आणि जगांत इतकें दुःख कां असा लहान मुलासारखा प्रश्न विचारणारा एक आवाज, एवढेंच आहे. गाणें भाबडें आहे, हें मी नाकारीत नाहीं. परंतु इतक्या नाटकी माणसानें इतकें भाबडें होण्याचें धैर्य दाखवावें ह्यांतच त्याची गोडी आहे, आणि तिघे चिकित्सक सोबती समोर असते तर तें धैर्य त्याला झालें असतें कीं नाहीं, ह्याची मला शंका आहे.

तिसरें गाणें 'लिव्हिंग ऑन माय ओन'. एकटें राहण्याविषयींचें हें गाणें नाचाच्या ठेक्यावर बसविलें आहे आणि मधोमध गायक शब्द टाकून देऊन नुसत्या निरर्थक अक्षरांची बरसात करतो, जॅझमधील जुन्या गायकांच्या पद्धतीनें. प्रथम ऐकतांना ही केवळ मौज वाटते. मग हळूहळू ध्यानांत येतें कीं, ह्याला बोलावयास समोर कोणी नाहीं म्हणून हा स्वतःशींच बडबडत आहे. पहिल्या बाजूवर जो दोष होता, आवाजाला प्रतिसाद नसणें, तोच येथें गाण्याचा विषय होऊन बसला आहे. माझ्या मतें साऱ्या ध्वनिमुद्रिकेंत हें सर्वांत सच्चें गाणें. ह्याच्या चलच्चित्रांत म्युनिकमध्यें साजऱ्या झालेल्या त्याच्या एकुणचाळिसाव्या वाढदिवसाचा धिंगाणा दाखविला आहे; शेंकडों पाहुण्यांच्या गर्दींत एकटेपणाचें गाणें!

बाजारांत काय झालें तें थोडक्यांत सांगतों. इंग्लंडांत ही ध्वनिमुद्रिका सहाव्या क्रमांकापर्यंत चढली. अमेरिकेंत १५९ च्या वर गेली नाहीं. 'लिव्हिंग ऑन माय ओन' पन्नासाव्या क्रमांकावर थबकलें. हीं गाणीं घेऊन मर्क्युरीनें एकट्यानें दौरा काढला नाहीं. आणि अडीच महिन्यांच्या आंत अशी एक गोष्ट घडली कीं, ह्या ध्वनिमुद्रिकेकडे पाहण्यास कोणाला सवड राहिली नाहीं. १३ जुलै १९८५ रोजीं, इथिओपियांतील दुष्काळग्रस्तांसाठीं लंडनच्या वेंब्ले मैदानावर 'लाइव्ह एड' हा प्रचंड जलसा झाला. क्वीनच्या वांट्याला वीस मिनिटें आलीं. त्या वीस मिनिटांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत भर घालण्याची माझी इच्छा नाहीं. फक्त एक हिशेब मांडतों. त्या वेळीं सहा गाणीं झालीं; त्यांपैकीं तीन मर्क्युरीचीं, दोन मे ह्याचीं, एक टेलरचें. जगाला मर्क्युरी ह्या माणसाचें सर्वांत मोठें दर्शन घडलें तें ज्या वीस मिनिटांत, त्यांतलीं निम्मीं गाणीं त्याचीं नव्हतीं, आणि एप्रिलमध्यें निघालेल्या त्याच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिकेंतलें तर एकहि नव्हतें. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत चौघे पुन्हां म्युनिकला, त्याच म्युझिकलँडमध्यें, जमले आणि 'वन व्हिजन' हें गाणें तयार झालें. तें चौघांच्या नांवानें प्रसिद्ध झालें. १९८९ च्या 'द मिरॅकल' ह्या ध्वनिमुद्रिकेपासून तर सर्वच गाण्यांवर चौघांचें एकत्र नांव घालण्यास सुरुवात झाली, व ज्याचें गाणें त्याचा पैसा हा जुना कज्जा मिटला.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजीं मर्क्युरी वारला. १९९५ सालीं उरलेल्या तिघांनीं त्याच्या मागें राहिलेल्या स्वरमुद्रणांभोंवतीं 'मेड इन हेवन' ही ध्वनिमुद्रिका रचली, आणि तिच्यांत 'मिस्टर बॅड गाय'मधील दोन गाणीं घेतलीं: जिच्यावरून नव्या ध्वनिमुद्रिकेला नांव मिळालें तें 'मेड इन हेवन', आणि 'आय वॉज बॉर्न टु लव्ह यू'. आवाज तोच, दहा वर्षांपूर्वींचा. साथ नवी. मीं आरंभीं म्हटलेला पुरावा तो हाच.

दोन्ही रूपें लागोपाठ ऐकलीं म्हणजे प्रथम तरी शंकेला जागा राहत नाहीं. 'मेड इन हेवन'च्या नव्या रूपांत टेलरचे ड्रम दरवाजा फोडून आंत यावें तसे येतात. गिटार आवाजाखालीं उभी राहते, आणि जी उडी १९८५ सालीं पोकळींत गेली होती तिच्याखालीं एकाएकीं जमीन येते. दुसऱ्या गाण्यांत तर नृत्यगृहांतील ठेक्याच्या जागीं सरळ रणवाद्यें वाजावींत तशी चाल आहे. गायकानें एक अक्षरहि नव्यानें गायिलेलें नाहीं, तरी तो अधिक जोरानें गात आहे असा भास होतो. आम्हां जुन्या चाहत्यांपैकीं अनेकांनीं त्याच दिवशीं निकाल देऊन टाकला: एकट्याच्या हातून अर्धें राहिलेलें काम सोबत्यांनीं पुरें केलें.

मला हा निकाल मान्य आहे, पण त्याच्या खालीं सही करण्यापूर्वीं दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, १९९५ चें रूप आपण शोकाच्या कानांनीं ऐकतों. मेलेल्या मित्राच्या आवाजाला साथ करणारे तिघे समोर असले म्हणजे कोणतेंहि गाणें अधिक गंभीर वाटणारच. ह्यांत साथीचें श्रेय किती आणि मृत्यूचें किती, हें वेगळें करणें कठीण आहे. दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. १९८५ सालीं तो होता आणि हे तिघे नव्हते. १९९५ सालीं हे तिघे होते आणि तो नव्हता. ज्या चाळणीचा मीं वर उल्लेख केला ती दुहेरी होती. तिघे त्याला अडवीत तसा तोहि तिघांना अडवी, गिटार फार झाली तर फार झाली म्हणून सांगे. १९९५ च्या रूपांत गिटार खरोखरच कांहीं ठिकाणीं फार झाली आहे, आणि तसें सांगणारा माणूस आतां तेथें नव्हता. म्हणजे चौघांनीं समोरासमोर बसून, भांडून, हीं गाणीं केलीं असतीं तर कशीं झालीं असतीं, ह्याचें उत्तर ह्याहि पुराव्यांतून मिळत नाहीं. आपल्याजवळ आहेत त्या एकाच मोडलेल्या मूर्तीच्या दोन बाजू.

'देअर मस्ट बी मोअर'चें दैव असेंच. जॅक्सनबरोबरचें जुनें मुद्रण, त्यामागें क्वीनची साथ जुळवून, २०१४ सालीं शेवटीं प्रसिद्ध झालें. दोन अलौकिक गळे, मागें सगळा बँड. आणि तरी १९८५ च्या एकट्या पियानोवरील रूपापुढें तें मला फिकें वाटतें. ह्या एका गाण्यापुरता तरी मी बँडच्या विरुद्ध कौल देतों. 'लिव्हिंग ऑन माय ओन'चा प्रवास तर ह्याहून विलक्षण. १९९३ सालीं बेल्जममधील कांहीं तंत्रज्ञांनीं त्याला नवा नाचाचा ठेका जोडला, आणि पूर्वीं पन्नासाव्या क्रमांकावर अडलेलें तेंच गाणें इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर गेलें. एकट्या मर्क्युरीच्या नांवावरील गाणें तेथें पहिलें आलें तें मृत्यूनंतर, आणि तेंहि त्यानें कधीं न पाहिलेल्या माणसांच्या हातून. त्या नव्या ठेक्यांत मूळच्या गाण्यांतील हुरहुर बरीचशी वाहून गेली आहे, पण लोकांना तें तसेंच आवडलें, त्याला इलाज नाहीं.

मर्क्युरीनें स्वतः ह्या ध्वनिमुद्रिकेपासून काय घेतलें, हें त्याच्या पुढच्या कृतीवरून दिसतें. तो पुन्हां एकदां बँडच्या बाहेर पडला, तो 'बार्सेलोना' ह्या ध्वनिमुद्रिकेसाठीं. ती १९८८ सालीं निघाली. पण ह्या वेळीं तो एकटा नव्हता. स्पेनमधील विख्यात ऑपेरा गायिका माँसेरात काबाये हिला त्यानें बरोबर घेतलें, आणि रचनेसाठीं माइक मोरन ह्या संगीतकाराला जोडीदार केलें. काबाये ही त्याच्याहून वयानें तेरा वर्षांनीं वडील, आणि शास्त्रोक्त गायनाच्या क्षेत्रांत जिच्यापुढें त्यानें विद्यार्थी व्हावें अशा योग्यतेची. त्या ध्वनिमुद्रिकेंतहि पुष्कळशी साथ यंत्रांचीच होती. खरा वाद्यवृंद तिला लाभला तो २०१२ सालीं, नव्यानें केलेल्या मुद्रणांत. तरीहि 'मिस्टर बॅड गाय'ची पोकळी तिच्यांत कोठें जाणवत नाहीं. मर्क्युरी एक ओळ फेंकतो आणि समोरून ती बाई ती झेलून दुपटीनें परत पाठविते. मग ह्याला पुन्हां वर जावें लागतें.

२०१९ सालीं 'मिस्टर बॅड गाय'च्या मूळ फितींवरून तिचें पुन्हां मिश्रण करण्यांत आलें. गाण्यांत कांहीं बदललें नाहीं. आवाज मात्र अधिक पुढें आला आहे, आणि ज्यांना ही ध्वनिमुद्रिका प्रथमच ऐकावयाची असेल त्यांनीं हीच प्रत घ्यावी. माझी सूचना एवढीच कीं, आरंभ दुसऱ्या बाजूपासून करावा. पहिली बाजू नंतर, पाहुणे जमले असतील तेव्हां, लावावी.